कापलेले अडतीस दिवस

"आधी कपाळाचा घाम पुसा. ओल्या कपाळाला पट्टी चिकटत नाही," शालन खरटमल आठवीच्या पोरांना सांगत होती आणि पोरं नेहमीप्रमाणे एकमेकांना ढकलण्यात गुंग होती. जुन्या सूतगिरणीच्या इमारतीत लोकशाही संग्रहालय उघडलं त्याला नऊ वर्षं झाली होती. तेवढीच वर्षं ती हे वाक्य बोलत होती आणि तेवढीच वर्षं कोणी ते ऐकत नव्हतं.

पट्टी म्हणजे भावपट्टी. बोटभर रुंद, केळीच्या सालीसारखी मऊ. या गिरणीच्या दारात एकेकाळी कामगार बायांनी एक्केचाळीस दिवस धरणं धरलं होतं. त्यांतल्या हयात बायांना आठवणी सांगायला बसवून, त्या वेळी त्यांच्या मेंदूत उठलेले तरंग शास्त्रज्ञांनी टिपले होते. पट्टी तेच तरंग मुलांच्या मेंदूत हलकेच जागवायची. पडद्यावर गिरणीचा बंद दरवाजा दिसला की बायांचा संताप पोरांच्या छातीत चढायचा. वीस मिनिटांनी पडद्यावरचा साहेब बाहेर यायचा, निवेदन घ्यायचा, पोच म्हणून शिक्का मारलेली प्रत हातात द्यायचा. मग अंगभर असं काही हलकं वाटायचं की पोरं टाळ्या पिटत बाहेर पडायची. सहावी ते आठवी, वर्षातून दोनदा. अभ्यासक्रमातच होतं ते.

रोज सकाळी कुलूप उघडलं की पहिली पट्टी शालन स्वतःच्या कपाळाला लावून सगळा कार्यक्रम तपासायची. न तपासलेली वस्तू लोकांच्या पोरांच्या डोक्याला लावणं तिच्या तत्त्वात बसत नव्हतं.

पोरं गेली आणि दारात अक्सा मुजावर उभी दिसली. बोरटाकळीच्या मुलींच्या शाळेतली, आता नववीत. शाळेबरोबर यायची तेव्हा सगळ्यांत मोठ्या आवाजात घोषणा द्यायची ती हीच.

"मॅडम, आमची शाळा सोमवारपासून बंद होणार. पट कमी आहे म्हणतात. चौदा किलोमीटरवरची शाळा दिलीय. एसटी एकच, तीपण संध्याकाळी परत येत नाही. अब्बा म्हणाले, मग पुरे झालं शिक्षण. अम्मीसंगं विड्या वळ."

शालनचं डोकं तापलं. "आणि तुम्ही गप्प बसलात? इथं काय शिकवलं मी तुम्हाला?"

"गप्प कुठं? परवा तेवीस जणी गेलो की शिक्षण कार्यालयात. घोषणा दिल्या. साहेबांनी निवेदन घेतलं, पोच दिली." अक्साचा चेहरा उजळला. "अगदी इथल्यासारखंच झालं. सगळ्यांना एकदम मोकळं वाटलं."

"मग पुढं काय ठरलं?"

"पुढं?" अक्साला प्रश्नच कळला नाही. "झालं की आंदोलन. तेच सांगायला आले. म्हटलं, मॅडमना बरं वाटेल."

शालन स्टुलावर बसली. गिरणीतल्या बायांचं निवेदन साहेबाने घेतलं होतं ते तिसऱ्या दिवशी. पोचही दिली होती. त्यानंतर त्या अडतीस दिवस उन्हात बसल्या, लोक हसले, एक म्हातारी तिथेच गेली, तेव्हा कुठे एक्केचाळिसाव्या दिवशी दरवाजा उघडला. पहिल्या नोंदीत तेही सारं होतं. पण पोरं रडायची, पालक तक्रारी करायचे. मग पहिल्याच महिन्यात एका बैठकीत कोणीतरी सुचवलं की मुलांना यशाचा अनुभव द्यावा आणि पोच मिळाली तिथेच थांबावं. सुचवणारी शालनच होती. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घ्यायचा, तोही ठराव करून!

कापलेला भाग परत जोडा, हे सांगायला ती तडक संचालकांकडे गेली. पटवेकर वाईट माणूस नव्हता. "शालनताई, मूळ नोंद आपण ठेवलीच नाही हो. आणि त्या बायाही आता राहिल्या नाहीत. पण तुम्ही एवढ्या अस्वस्थ का? चौदा जिल्ह्यांत चाललंय हे. पोरं शिकतात, निवेदन देतात, शांतपणे घरी जातात. अजून काय हवं?"

"आपण शिकवलं की लस टोचली, साहेब?" ती म्हणाली. पटवेकरांनी समोरची फाईल उघडली.

शुक्रवारी ती अक्साला घेऊन शिक्षण कार्यालयात पोचली. पिशवीत सतरंजी, पाण्याच्या बाटल्या, भाकरी. "आज पोच घेऊन उठायचं नाही. आदेश मागे घेईपर्यंत हलायचं नाही," तिने पोरीला दहादा बजावलं होतं. कारकुनाशी तिचं कडाक्याचं वाजलं. आवाज चढला, माणसं जमली, छातीत जाळ पेटला. अखेर साहेब स्वतः बाहेर आले. शांतपणे कागद घेतला, शिक्का मारला आणि प्रत तिच्या हातात ठेवली.

आणि राग गेला. तिने तो आत शोधून पाहिला, कुठेच नव्हता. नऊ वर्षांच्या सगळ्या सकाळी तिच्या देहाने हाच धडा गिरवला होता. भान आलं तेव्हा ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होती, सतरंजीची पिशवी काखेत, आणि शेजारी अक्सा हसत होती.

"झालं ना, मॅडम? जायचं घरी?"

सोमवारी शाळेला कुलूप लागणार आणि ही पोर सुपात तंबाखू घेऊन बसणार, हे शालनला पाढ्यासारखं पाठ होतं. पण त्याने आत काहीच हलत नव्हतं. रडू यावं असं तिला फार वाटलं, तेही येईना. आत नुसती गोड, गार शांतता होती. उभ्या आयुष्यात तिने कशाचा एवढा तिरस्कार केला नव्हता.

तिने अक्साचा हात घट्ट धरला आणि पायरीवरच बसकण मारली. "बस."

"कशाला? मला तर आता काहीच वाटत नाही."

"मलाही नाही वाटत. तरी बस."

अक्सा बसली, पण अंग चोरून, कधीही उठता येईल अशी. येणारे-जाणारे त्यांना वळसा घालून जात होते. शिपायाने एकदा डोकावून पाहिलं आणि तो फाटकाची किल्ली आणायला गेला. पोरीचा हात हळूच सुटू पाहत होता. तो धरून ठेवण्याची ताकद आपल्यात किती वेळ उरेल, ते शालनला सांगता आलं नसतं.

"मॅडम," अक्साने खरोखरच समजून घेण्यासाठी विचारलं, "राग नसताना माणसं कशाच्या जोरावर बसतात?"