गाठीची भूक

लॉन्ड्रीवाले काका पहिल्यांदा आले ते विनोद करतच. "आयुष्य लोकांच्या कपड्यांवरचे डाग काढण्यात गेलं," स्कॅनच्या टेबलावर आडवे होता होता ते म्हणाले, "आता माझ्या यकृतावरचा तुम्ही काढा. फक्त फाडू नका."

डॉक्टरबाई हसल्या. मशीनमधून शरीराच्या आतलं बघायचं आणि बघता बघताच रोगाची रसद तोडायची, हे त्यांचं काम. स्कॅन झाल्यावर त्यांनी काका-काकूंना समोर बसवलं. यकृताच्या उजव्या कडेला लिंबाएवढी गाठ होती.

"ही गाठ खादाड असते," त्या म्हणाल्या. "स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या वाढवून घेते. आम्ही जांघेतून बारीक नळी आत नेतो आणि तिचा रक्तपुरवठा बुजवून टाकतो. मग ती उपाशी पडते."

काकूंच्या बोटांवर इस्त्रीच्या चटक्यांचे जुने व्रण होते. ते चोळत त्यांनी विचारलं, "उपाशी पडली की दुसऱ्याच्या ताटात तोंड घालणार नाही ना?"

"घालते कधी कधी. मग तीही वाट बंद करायची."

नळीचं काम विनासायास पार पडलं. गाठ पडद्यावर काळी दिसू लागली, म्हणजे तिथे रक्त पोचत नव्हतं. डॉक्टरबाई निर्धास्त झाल्या.

पुढच्या तपासणीला काका आले तेव्हा त्यांच्या गालांवर तकाकी होती. भूक लागते, जिना चढतो, दुकानात बसतो, ते कौतुकाने सांगत होते. पडद्यावर मात्र गाठ पुन्हा पांढरी झाली होती. बरगड्यांकडून आलेल्या नव्या रक्तवाहिन्यांचं दाट जाळं तिला पाजत होतं.

डॉक्टरबाई स्कॅनमधला एकेक काप उलट्या क्रमाने बघत त्या जाळ्याचं मूळ शोधू लागल्या. रक्तवाहिन्या स्नायूंमधून आल्या होत्या, त्याआधी चरबीतून, त्याआधी थेट उजव्या कुशीच्या कातडीपासून. तिथे त्या संपत होत्या. कातडीपाशी त्या सर्वांत जाड होत्या.

"मॅडम, याला मूळच नाही," टेक्निशियन म्हणाला.

"मूळ नसलेल्या नळीत रक्त कुठून येईल? चित्र चुकलंय. परत घे."

परत घेताना, रक्त पडद्यावर उठून दिसावं म्हणून, शिरेतून औषध सोडलं. हे औषध गेलं की अंगातून गरम लाट जाते, तोंडाला लोखंडासारखी चव येते. काका आरामात पडून होते. "काहीच वाटलं नाही हो. पहिल्या वेळी केवढं भाजल्यासारखं झालं होतं."

चित्र तसंच आलं.

डॉक्टरबाई बाहेर आल्या तेव्हा बाकावर काकू पदराने वारा घेत बसल्या होत्या. चेहरा लालबुंद. "जरा पाणी मिळेल का?" त्या म्हणाल्या. "एकदम अंग तापलं. आणि तोंडात किल्ली धरल्यासारखी चव येतेय."

डॉक्टरबाईंनी स्वतः पाणी आणून दिलं. पाणी पिऊन होताच काकूंच्या चेहऱ्यावरचा लाल रंग ओसरला आणि खाली दिसला तो कागदासारखा पांढरा. पापणी ओढून पाहिली तर आतही रक्ताचा टिपूस नसावा तशी.

"रात्री झोपता कुठे?" आपण हे का विचारतोय, ते त्यांचं त्यांनाही कळेना.

"यांच्या उजव्या हाताला. लग्न झाल्यापासून तिथेच."

"काही दिवस वेगळ्या खोलीत झोपा."

काकूंनी कारण विचारलं नाही. "ते आता पोटभर जेवायला लागलेत, डॉक्टर," त्या हळूच म्हणाल्या. "दोघांना पुरेल एवढं आहे माझ्यात."

दार उघडंच होतं. शर्टाची बटणं लावत काका उंबऱ्यात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते हसले नाहीत.

त्या दिवसापासून ते दुकानातच झोपू लागले, इस्त्रीच्या टेबलावर. काकूंनी विनवलं, रुसून पाहिलं, पण त्यांनी आतून कडी काढली नाही. त्यांची भूक गेली, मग पाय सुजले. पुढच्या स्कॅनमध्ये गाठ काळी पडून आक्रसली होती, पण तिच्याबरोबर काकाही आक्रसले. एका दुपारी, दुकान उघडं असताना, ते गेले.

बऱ्याच दिवसांनी काकू एकट्या तपासायला आल्या. आणखी वाळल्या होत्या. रक्त वाढायची औषधं घेऊनही वाढत नव्हतं.

"झोप लागते?"

"लागते की. आपल्या जागेवरच झोपते."

डॉक्टरबाईंनी त्यांना सोनोग्राफीच्या खाटेवर निजवलं. उजवीकडे यकृत स्वच्छ होतं. त्या अंगावर फिरवायचा प्रोब डाव्या कुशीला घेऊन गेल्या. तिथे बोटभर जाडीची एक रक्तवाहिनी कातडीपर्यंत आली होती.

त्यांनी आवाजाचं बटण दाबलं.

खोलीत रक्ताची सळसळ भरली. संथ, भरदार. दिशा दाखवणारा रंग एकच गोष्ट सांगत होता. रक्त बाहेर जात होतं.

त्यांनी प्रोब उचलला.

आवाज थांबला नाही.

त्यांनी तो हवेतच पलीकडे नेला, काकू आणि भिंत यांच्यामधल्या रिकाम्या चादरीवर.

आवाज मोठा झाला.

काकूंनी डोळे उघडले नाहीत. फक्त थोड्या अलीकडे सरकल्या, भिंतीकडे काकांना नीट पडता यावं म्हणून.