चौतीस मैलांना थोडे कमी

जुनी अमेरिकन गाडी बघायला जाताना मी खिशात लोहचुंबक नेतो. मालक गाडीचं गुणगान गात असतो तोवर मी फडक्यात गुंडाळलेलं चुंबक दारांवरून, मडगार्डवरून फिरवत राहतो. पत्रा असेल तिथं ते चिकटतं, गंज झाकायला पुट्टी भरली असेल तिथून खाली पडतं. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं तपासणी विभागात काढली, त्यामुळे संशय घेणं अंगवळणी पडलं आहे. या गाड्यांच्या काट्याचा आकडा मैलांत असतो. नवखे हौशी लोक तो किलोमीटर समजतात आणि ‘गाडी फार चाललेली नाही’ म्हणून खूश होतात. त्यांना मी पोटभर हसत आलो आहे.

या फेब्रुवारीत मोंढ्यातल्या एका लाकडाच्या वखारीत मला १९५६ची डॉज सापडली. पूर्वी तिथं गॅरेज होतं. वखारवाल्याने फळ्या बाजूला सारल्या आणि म्हणाला, “अब्बा के टाइम से खडी है. एक पाटील क्लच दुरुस्ती को डाल के गया, ‘घंटेभर में आतूं’ बोला. सैंतालीस साल हो गए, आयाच नइं.” मी चुंबक फिरवलं. ते एकदाही पडलं नाही. आत बिडीचा आणि सरकीचा वास होता, इतक्या वर्षांनी असायला नको तेवढा ताजा.

गाडी ज्योतीनगरला, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणली. पुण्याहून मुलीचा, हिमानीचा फोन आला. “बाबा, आई असती तर तुम्हाला गाडीसकट बाहेर काढलं असतं.”

खरंच काढलं असतं. पण भानुमतीला जाऊन दोन वर्षं झाली. त्या दिवशी मी याच शेडमध्ये एका प्लिमथखाली आडवा होतो. स्वयंपाकघरातून तिने हाक मारली, “अहो, जरा येता का?” मी म्हणालो, “आलोच.” एक नट सुटत नव्हता. मी आत गेलो तेव्हा चाळीस मिनिटं झाली होती आणि ती ओट्याला टेकून खाली बसली होती. स्ट्रेचरवर घेताना तिने माझा हात धरला. “गाडीखालचा दिवा बंद करा. मी येते,” म्हणाली. सिडकोतल्या दवाखान्यातून ती आली नाही. तो दिवा मी तेव्हापासून बंद केलेला नाही. बल्ब गेला की नवा लावतो. मी देवभोळा नाही, पण तेवढं माझ्याच्याने होत नाही.

डॉजचं इंजिन काढून मी स्टँडवर ठेवलं. काटा फिरवणारी तार सोडवून डब्यात टाकली. सवयीप्रमाणे वहीत नोंद केली : ६१,४८२.०. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन शेडमध्ये गेलो तर आकडा ६१,४८३.६ होता.

आधी मी स्वतःवरच संशय घेतला. वय एकसष्ट, चष्मा जुना. तिसऱ्या सकाळी ६१,४८५.१. मग कारखान्यात करायचो तेच केलं. काट्याच्या मागच्या तोंडाला चिकटपट्टी लावून तिच्यावर सही केली. चाकांखाली विटा होत्या, विटांभोवती खडूच्या रेघा ओढल्या. पुढच्या सकाळी सही जागेवर, रेघा जागेवर आणि आकडा दीड मैल पुढं.

गाडी नावावर करायची तर मूळ मालकाच्या वारसाची सही लागते. सीटखाली गाडीचं जुनं नोंदणीपुस्तक मिळालं, त्यावर नाव होतं : सांडू रामकिसन, देवगाव रंगारी. चौदाव्या दिवशी, एका शनिवारी, मी माझी नेहमीची गाडी काढून देवगावला गेलो. माझ्या फाटकापासून त्यांच्या दारापर्यंत काट्याने चोपन्न दाखवले.

सांडू पाटलांचा मुलगा बद्रीनाथ पन्नाशीला टेकलेला, बोलायला मोकळा. स्लॅबच्या घरासमोर त्याने खुर्ची टाकली. “साहेब, सही कवाबी घ्या. वडील घरून गेले ते आलेच नाय, तवा मी पाळन्यात व्हतो. मला त्या गाडीची माया असायचं कारनच नाय.” मग आवाज उतरवून म्हणाला, “आईसमोर मात्र ‘वडील वारले’ म्हनू नका.”

आवडाबाई ओसरीवर तूर पाखडत होत्या. सत्तरी ओलांडलेली बाई, कपाळावर ठसठशीत कुंकू आणि हातात हिरवा चुडा. मी गाडी सापडल्याचं सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही.

“चालती का?”

इंजिन काढलंय, असं मी म्हणणार होतो. त्या बाईकडे बघून तोंडून खरं निघालं. “आकडा रोज पुढं जातो. का, ते मला कळत नाही.”

त्यांनी मान हलवली. “निगताना ‘येतो’ म्हनले व्हते.”

“तसं सगळेच म्हणतात.”

“म्हनत्यात ना. ‘जातो’ म्हनू नये म्हनून म्हनत्यात.” तुरीतला एक खडा काढून त्यांनी अंगणात टाकला. “पन भाऊ, शब्द हाय त्यो. त्यानं मानूस बांधला जातो. म्हननाराबी अन् ऐकनाराबी. सत्तेचाळीस वर्सं मला नीट रडताबी आलं नाय.”

बद्रीनाथ उठून गोठ्याकडे गेला.

“किती ऱ्हायलं?” त्यांनी विचारलं.

मी हिशेब मांडला. पहिल्या नोंदीपासून बावीस झाले होते. चोपन्नातून बावीस गेले, बत्तीस उरले. रोजच्या चालीने वीस दिवस. वेड्यासारखं वाटत होतं, तरी मी ते सांगितलं.

“मला आदल्या दिशी फोन कर. पाय धुवायला पानी ठिवायचंय. अन् तूबी ये. गाडी तुज्यापाशी हाय, तर तूबी घरचाच.”

मी कबूल केलं.

आठव्या दिवशी, रविवारी, सकाळी सातला बद्रीनाथचा फोन आला.

“साहेब, आई गेली.”

मी कसं, कधी, असं काहीतरी विचारलं.

“पहाटं उठली, न्हाली, नवं लुगडं नेसली. मी म्हनलं, आज काय हाय? तर म्हनली, त्यो साहेब चुकला, आजच हाय. दारात पान्याची बादली भरून ठिवली अन् उंबऱ्यावर बसली. मी दूध काढून आलो तवर... साहेब, एक इचारू? बादली अर्धीच ऱ्हायली व्हती. अन् पान्यावर काळं तेल तरंगत व्हतं. आमच्यात कुनाचे हात तेलाचे नसत्यात.”

मी शेडमध्ये गेलो. आकडा ६१,५१५.६ होता. वजाबाकी केली : तेहतीस पूर्णांक सहा.

मैल.

माझ्या गाडीने दाखवलेले चोपन्न किलोमीटर होते. चोपन्न किलोमीटरचे मैल तेवढेच होतात. जन्मभर ज्या चुकीवर लोकांना हसलो ती मीच केली होती. आवडाबाईंनी मला त्या वेळेला बोलावलं होतं, आणि मी पुन्हा उशीर केला. शेडमध्ये उकिडवा बसून मी रडलो. आवडाबाईंसाठी रडलो, आणि त्या चाळीस मिनिटांसाठी.

तेरवीला देवगावला जाऊन आलो. बद्रीनाथने सही केली. आकडा हलायचा थांबला होता. सीटवरचा बिडीचा वासही गेला होता, नुसता जुन्या रेक्झिनचा वास उरला. मी कामाला लागलो. दारं घासली, खालचा मूळ मोरपंखी रंग निघाला.

मग एका सोमवारी आकडा ६१,५१५.८ दिसला.

मंगळवारी ६१,५१६.०.

या वेळी चाल कमी होती. सकाळी दार उघडलं की शेडमध्ये शिकेकाईचा वास यायचा. तो वास कुणाचा हे मला वहीत लिहायची गरज वाटली नाही.

सिडकोतल्या दवाखान्यापासून माझ्या फाटकापर्यंत पाच किलोमीटर. या वेळी मैल काढले, दोनदा ताडून पाहिले. तीन पूर्णांक एक.

हिमानीला सांगितलं नाही. ती लगेच डॉक्टर गाठेल. गेल्या आठवड्यात फोनवर तिने विचारलं, “बाबा, आवाज एवढा छान कसा येतोय तुमचा?” मी म्हणालो, “काम संपत आलंय.”

आज सकाळी ६१,५१८.७ झाले. तीन पूर्णांक एक.

गाडीखाली अंधार होता. बल्ब गेला असेल म्हणून हात घातला, तर बल्ब शाबूत होता आणि अजून कोमट होता. भिंतीवरचं बटण, दोन वर्षांत पहिल्यांदा, कुणीतरी बंद केलं होतं.

मी आंघोळ केली. दारात पाण्याची बादली भरून ठेवली. स्वयंपाकघरातून मघाशी हाक आली, “अहो, जरा येता का?” या वेळी मी ‘आलोच’ म्हणालो नाही. सरळ उठलो. फक्त हिमानीसाठी टेबलावर चिठ्ठी ठेवायला थांबलो आहे.

आधी सवयीने ‘येतो’ लिहिलं होतं. ते खोडलं. पोरीला बांधून ठेवायचं नाही.

‘जातो,’ असं लिहिलं आहे.