तिथं टेकू नका

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. खोपोलीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत एक ठाकरांची वाडी आहे. तिथल्या शेळ्या मरत होत्या, म्हणून साहेबांनी आम्हाला पाठवलं. आम्हाला म्हणजे मला आणि सोनालीला. मी हिरामण, वनरक्षक, निवृत्तीच्या उंबरठ्यावर. सोनाली दहिवलीची, नोकरीला नुकतीच लागलेली. बूट नवे आणि बोलणं अखंड. चढताना मला श्वास पुरत नव्हता आणि ती विचारत होती, "बिबट्या असेल की तरस, काका? पाऊल कसं ओळखायचं?" मी नुसतं हं म्हणत होतो. त्या दिवसांत मी सगळ्यालाच हं म्हणायचो.

वाडीत जिजाबाईनं तिची मेलेली शेळी दाखवली. अंगावर ओरखडा नाही, रक्ताचा थेंब नाही. पाय दुमडून, मान टाकून बसली होती, ती तशीच गेली होती.

"रोग असेल," मी म्हटलं.

"रोग नाय, भाऊ. जनावर हाय. दिसत नाय, पन हाय. वरच्या माळावर येतं, भर दुपारचं." मग तिनं आवाज खाली आणला. "तिथं टेकू नका. पानी पन उभ्यानंच प्या."

सोनाली हसली. माझ्यात हसण्याचंही त्राण नव्हतं.

माळावर कमरेएवढं गवत पिवळं पडून उभं होतं. खाली घाटात इतका वेळ गाडी धापा टाकत होती. माळावर पाय ठेवला आणि तो आवाज मधेच तुटला. पाखरू नाही, किडा नाही. वास मात्र होता, न वाळलेल्या गोधडीचा.

पुढं एक करडू बसलेलं दिसलं. डोळे उघडे, पण आम्ही जवळ गेलो तरी ते हललं नाही. त्याच्या शेजारी गवत गोल दबलं होतं. एखादी म्हैस बसून उठावी, तसं.

"काका, एकही पाऊल नाही," सोनाली वाकून बघत म्हणाली. "मग हे आलं कुठून?"

मी दबलेल्या गवतावर हात ठेवला. ते उबदार होतं.

आणि माझे पाय गेले. झोप नव्हती ती. कुणीतरी माझ्या खांद्यावरचं ओझं हलक्या हातानं उतरवून घेत होतं, आणि त्या सुखानंच गुडघे वाकत होते. मी खाली बसलो.

"काका... काय होतंय? उठा ना."

तिच्या पाठीमागं गवत आडवं होत होतं. वारा नव्हता. थोडं गवत दबलं, मग त्याच्या अलीकडचं. सावकाश. ज्याला कसलीच घाई नाही, असं काहीतरी चालत येत होतं. मला ते दिसत होतं. तिला सांगायला हवं होतं. पण मी म्हणालो, "राहू दे गं... जरा बसू दे."

तिनं माझे दोन्ही हात धरले आणि ओढायला लागली. तिच्या मागचं गवत थांबलं. एकाएकी ती ताठ झाली.

"काका... माझ्या पाठीला काहीतरी टेकलंय."

तिनं मागं वळून पाहिलं नाही. रडत होती, पण हात सोडले नाहीत. मुरलेला माणूस असता तर मला टाकून पळाला असता. तिला ते अजून शिकायचं होतं. तिनं मला उठवलं, करडू काखेत मारलं आणि ओढत, फरपटत खाली आणलं. घाटातली गाडी पुन्हा ऐकू आली, तेव्हा कुठं ती थांबली.

जिजाबाईच्या अंगणात करडू उठलं आणि उड्या मारू लागलं. मलाही इतकं मोकळं वाटत होतं की मी चहा मागितला. सोनाली ओट्यावर बसली. गप्प. जिजाबाईनं तिच्याकडं पाहिलं आणि आपली पोरं घरात घेतली.

साहेबांना आम्ही काही सापडलं नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून सोनाली कामावर आली नाही. मी मात्र डोंगर चढतो, उतरतो, धाप लागत नाही. रात्री पडून राहतो, पण झोप येत नाही. झोपेची गरजच उरलेली नाही.

शेवटी दहिवलीला तिच्या घरी गेलो. आई म्हणाली, डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, कशात काही निघत नाही. सोनाली खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडली होती. एका हातानं ती शेजारची रिकामी जागा थोपटत होती.

"काका," ती म्हणाली, "जयवंताच्या पाठीला जखमा झाल्यात हो. सारखी कूस बदलावी लागते. रात्रभर मी तेच करतेय..."

जयवंता माझी बायको. खूप वर्षं अंथरुणात काढून गेली. सोनालीपुढं तिचं नाव मी कधी काढलं नव्हतं. ऑफिसातही कुणाला ते माहीत नव्हतं.

"ही सारखी बोलते ती जयवंता कोण हो?" आईनं विचारलं.

मी सांगणार होतो. तिचा चेहरा आठवायला गेलो. खोली आठवली, खिडकी आठवली, खाट आठवली. खाटेवर नुसती चादर होती.

"ती..." मी म्हणालो. "ती माझी..."

सोनालीनं भिंतीकडं बघतच हात वर केला.

"हळू बोला, काका... आत्ता कुठं डोळा लागलाय तिचा."