रिकामं जातं

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल त्यांनी नेकनूरला यावं. माझा गाण्याचा वर्ग अजून तिथंच आहे, फक्त कुलूप लावलेलं आहे.

आणि रात्रीची नाही हं. गेल्या मार्चमधली, दुपारी तीनची. बाहेर लख्ख ऊन होतं.

गायकानं अंग कसं वापरावं, याचं तीन दिवसांचं शिबिर मी पुण्याला करून आले होते. गाणं नुसतं गळ्यात नसतं, पाठीत आणि पोटात असतं, असं तिथं शिकवलं. मी लगेच अर्ध्या हळकुंडानं पिवळी! ठरवलं, आपल्या पोरींना जात्यावर बसवायचं. ओढताना पाठ आपोआप मोकळी होते.

शेजारच्या छबुबाईंनी जुनं जातं दिलं. देताना एवढंच म्हणाल्या, "बाई, रिकामं फिरवू नका. मूठभर दाणे टाकत जावा."

मी हसले. वर्गातलं पीठ कोण झाडणार?

माझ्या वर्गातल्या संस्कृती नावाच्या पोरीची गाण्याची परीक्षा आठ दिवसांवर आली होती. आधी दोनदा नापास. तान घेताना खांदे कानाला लागायचे आणि श्वास तुटायचा. यंदा नापास झाली तर गाणं बंद, असं वडिलांनी बजावलेलं. पोरगी तर गाण्यावर जीव टाकायची.

मी तिला जात्याशी बसवलं, समोर मी बसले. दोघींनी खुंटा धरला. डोळे मिट, पाठ कुठं ताणते तिकडं लक्ष दे, असं सांगितलं.

जातं फिरू लागलं, ती गाऊ लागली. सूर थोडा लांबला.

तेवढ्यात फोन आला. मी उठून दारात गेले. बोलता बोलता लक्षात आलं...

जात्याची घरघर थांबली नव्हती.

आणि सूर... तुटतच नव्हता.

मी वळून पाहिलं. संस्कृती डोळे मिटून गात होती. बोटं खुंट्यावर नुसती टेकलेली. खुंटा पलीकडे जात होता... आणि पलीकडून परत येत होता.

समोर कुणीच नव्हतं.

मी ओरडायला हवं होतं. पण तान इतकी सुंदर होती की मी ऐकत उभी राहिले. याची मला आजही लाज वाटते.

तिनं डोळे उघडायच्या आत मी जागेवर येऊन बसले. ती म्हणाली, "मॅडम, तुमी लई छान ओढता."

मी खरं सांगितलं नाही. आठही दिवस तिला डोळे मिटायला लावले आणि दारात उभी राहिले.

अंबाजोगाईला परीक्षा झाली, परीक्षकांनी तिची पाठ थोपटली. परत येताना केजला चहाला थांबलो. तिथं ती हळूच म्हणाली, "मॅडम, जात्यावर तुमी नव्हता. जी ओढत होती, ती आज कानात म्हणली... लई दिवस मी ओढलं. आता तू ओढ, मी गाते."

ते तिचं शेवटचं बोलणं.

डॉक्टर म्हणतात, गळा ठणठणीत आहे. पण आवाज फुटत नाही. रोज दुपारी तीनला तिचा उजवा हात गोल फिरू लागतो. आई धरते, तरी फिरतो. खांदे मात्र सैल असतात, मी शिकवले तसे.

छबुबाई म्हणतात, जात्यात दाणे टाका, पोरगी सुटेल.

परवा पसाभर गहू घेऊन मी गेले. किल्ली लावली...

आतून तान आली. संस्कृतीचाच आवाज. कुठंही न तुटणारा.

गहू पदरातच राहिले. मी दाराला कान लावून उभी होते.