जागा सोडायची नाही

दुपारी तीनला वदाद टॅक्सीत बसली. पिशवीत घशासाठी बडीशेपेच्या चहाचा थर्मास होता. "हम्राला सोड, बाबा," ती म्हणाली, आणि ड्रायव्हरने आरशातून तिच्याकडे पाहिलं.

"मावशी, पुन्हा बोला बघू."

"हम्राला, म्हटलं."

"नौरस!" त्याने कपाळावर हात मारला. "देवाशप्पथ, तुम्ही नौरस आहात!"

बैरुतमध्ये चाळिशी ओलांडलेला कुणीही तिला असा आवाजावरून पकडायचा. जपानहून आलेली टीव्हीवरची ती कार्टून मालिका. 'शिहाब' नावाच्या यानातून ताऱ्याताऱ्यांत फिरणारा बारा वर्षांचा कप्तान नौरस. त्याच्या तोंडची अरबी मात्र वदादची होती, शाळेच्या पुस्तकात असते तशी शुद्ध.

"वीज नसायची तेव्हा," ड्रायव्हर रंगात येऊन सांगत होता, "पाच वाजले की बाप टीव्हीसाठी गाडीची बॅटरी काढून तिसऱ्या मजल्यावर आणायचा. आई म्हणायची, कधी पिठाची गोणी नाही चढवलीस अशी. अख्ख्या इमारतीची पोरं आमच्याकडे. मी डोक्यावर चाळणी घालून नौरसची भाषा बोलायचो. आजी म्हणायची, या कार्ट्याला काझी करा." तो हसला, मग त्याने गाडीचा वेग कमी केला. "तोफा चालू असताना तुम्ही रेडिओवर बोलला होतात ना? आम्ही दोन रात्री जिन्याखाली होतो. शेवटी बापाने मानगूट धरून तळघरात ओढून नेलं."

वदादने खिडकीबाहेर पाहिलं.

पस्तीस वर्षांपूर्वी रेडिओवाले तिच्याकडे धावत आले होते. मुलं रस्त्यावर पळतात, कुणाचं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील. ती नौरसच्या आवाजात म्हणाली होती, "छोट्या सैनिकांनो, जिन्याखाली थांबा. मी येऊन सांगेपर्यंत कुणीही जागा सोडायची नाही." त्याच रात्री बहिणीने तिला सायप्रसच्या बोटीत बसवलं. येऊन सांगायचं राहूनच गेलं.

परतल्यावर पावाच्या रांगेत एक बाई भेटली. सलमा तिचं नाव. तिचा आठ वर्षांचा रबी जिन्याखालून हलला नव्हता. सगळे तळघरात चला म्हणत होते, तो म्हणत होता, कप्तानाची आज्ञा नाही. गोळा जिन्यावरच पडला. सलमाने शिवी दिली नाही. "तुमचा आवाज फार गोड आहे," एवढंच म्हणाली. कोपऱ्यावरच्या बेकरीच्या वर ती राहते, हे वदादला ठाऊक होतं. त्यानंतर वदादने तो रस्ता कायमचा टाकला.

हम्रातला रेकॉर्डिंगचा स्टुडिओ तेच जुनं तळघर होता. ओल्या चुन्याचा वास, भिंतींना कुजका स्पंज. ध्वनिमुद्रक मिलहम तेव्हाचाच, आता दात नसलेला. मालिका पुन्हा दाखवणार होते, पण शेवटच्या भागाची फीत ओल लागून खराब झाली होती. तेवढी सहा वाक्यं पुन्हा बोलायची होती.

"वदादबाई, दिवा लागला की सुरू. कवळी सांभाळा."

"तू तुझी आधी आण."

ती काचेआड उभी राहिली. कानांवर हेडफोन. लाल दिवा लागला.

"शिहाब, उत्तर दे. कुणी आहे का?"

आणि कानात कुणीतरी श्वास घेतला.

"थांबा," मिलहम काचेपलीकडून म्हणाला. "तुम्ही गप्प झालात, तरी आवाजाचा काटा हलतोय..." तो तारा तपासायला वाकला, आणि तेवढ्यात वीज गेली. या शहरात वीज जाते, त्यात नवल नाही. यंत्रं थंडावली, लाल दिवा विझला. पण हेडफोनमधला श्वास थांबला नाही. आता त्यातून सिमेंटच्या धुळीचा वास येत होता. आवाजाला वास असतो का? वदादला तो येत होता.

"उपस्थित आहे, कप्तान," एक बारीक आवाज म्हणाला. शुद्ध, पुस्तकी, तिनेच शिकवलेल्या भाषेत. "मी स्थान सोडलेलं नाही."

तिने हेडफोन कानांशी दाबले. "तुझं... नाव काय, बाळा?"

उत्तर आलं नाही. मग तिला कळलं, हा म्हाताऱ्या बाईला ओळखत नाही. तिने डोळे पुसले, छाती ताठ केली आणि तो जुना आवाज काढला.

"सैनिक, नाव सांग."

"रबी, कप्तान."

"रबी, मोहीम संपली. तू शूर आहेस. आता घरी जा."

मग हळूच, "इतरांनाही सांगू का...?"

तिच्या तोंडून हो निघालं की नाही, तिला पुढेही कधी आठवलं नाही. कानात एक पाय घासला, मग दुसरा, मग कितीतरी. बसून बसून आखडलेली अंगं उठत होती.

मिलहमने मेणबत्ती आणली तेव्हा ती कोट चढवत होती. "कुठे निघालात?" त्याने विचारलं.

"सलमाकडे."

बेकरीच्या वरचा जिना नव्याने बांधलेला होता. सलमाने दार उघडलं. वाकलेली, केस पिकलेली, हातात मसुराच्या सूपचा डाव. मागे टेबलावर दोन ताटल्या होत्या. आत कुठेतरी नळ वाहत होता.

"आत्ताच आला," सलमा कुजबुजली. "हात धुतोय. धूळ जातच नाहीये त्याची." तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि ती हसत होती. वदादला आत डोकावायचं होतं, माफी मागायची होती. सलमाने दार अर्धं लोटलं.

"या आता. आणि त्या बाकीच्या पोरांना घेऊन जा. त्यांच्या इमारतीच राहिल्या नाहीत हो. म्हणतात, कप्तान नेईल."

दार लागलं. जिन्यातला दिवा आपसूक विझायचा, तो विझला.

वदादने कठडा चाचपला आणि पहिली पायरी उतरली. मागून कुणीतरी तिच्या कोटाचं टोक धरलं, घट्ट, शाळेच्या रांगेत धरतात तसं. त्याच्यामागे कुणीतरी त्याचा सदरा धरला, आणि त्याच्यामागे आणखी कुणीतरी. ती उतरत राहिली. खाली रस्त्यावर पोचली, तरी वर, शेवटच्या मजल्यावर, पावलं अजून जिना उतरायला लागतच होती.