मयतावरून थेट ऑफिसात

हसायचं तर हसा. पण हे खरंच घडलंय. आमच्या फिलिपिन्सच्या केसोन सिटीत, आणि तेही भरदुपारी.

जोव्हेलिनचं काम लोकांच्या पोस्ट तपासायचं. शिवीगाळ, घाणेरडी चेष्टा दिसली की काढून टाकायची. शेवटचा शब्द मात्र तिच्या साहेबाचा, कुया रोडेलचा, म्हणजे रोडेलदादाचा.

जोव्हेलिनच्या घराशेजारची लिवाय. जन्मापासून ओठ फाटलेला, पण गळा गोड. तिच्या गाण्याचा व्हिडिओ कुणीतरी उचलला, त्यावर नको नको ते लिहिलं आणि पसरवला. जोव्हेलिन काढायची, रोडेल परत लावायचा.

"अगं, विनोद आहे तो! राहू दे. एवढं काय मनाला लावून घेतेस?"

लिवायने खाणं सोडलं.

मग ती गेलीच.

आमच्यात मयतावरून कुणी थेट घरी जात नाही. वाटेत कुठेतरी टेकायचं, म्हणजे मागे आलेला जीव तिथेच उतरतो. लोक पावाच्या दुकानात थांबतात.

शवपेटीपाशी बसलेल्या लिवायच्या आईने विचारलं, सगळे तिला नानायच म्हणत, म्हणजे आई, "तू कुठे थांबणार, बाळ?"

जोव्हेलिनने डोळे पुसले. "ऑफिसात, नानाय."

रोडेल जेवायला गेला होता. ती त्याच्या खुर्चीत बसली. "उतर गं," म्हणाली आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी रोडेलच्या हेडफोनमध्ये गाणं लागलं...

त्याने वायर उपटली.

गाणं चालूच.

मग स्क्रीनवर त्याचाच फोटो आला. ओठ फाटलेला. खाली हसणाऱ्यांची ही रांग! त्याने तो काढला. फोटो परत आला... खाली निर्णय त्याच्याच नावाने. 'विनोद आहे. राहू दे.'

बाकी कुणाला काहीच दिसेना.

तो तोंडावर हात धरून बोलू लागला. जेवण सुटलं. शेवटी जोव्हेलिनपुढे गुडघ्यावर आला. "मयतावरून कुणाला आणलंस इथे? ने तिला परत!"

खोटं कशाला बोलू, जोव्हेलिनला बरं वाटलं. भोग म्हणावं!

पण त्याला दवाखान्यात उचलून नेलं, तशी ती घाबरली. लिवायच्या आईकडे धावली. "नानाय, बास झालं. आवरा तिला."

आई लिवायचा फोटो पुसत होती. "का गं? हसणारा तो एकटाच होता होय?"

त्या दिवशी घरी जोव्हेलिनच्या नवऱ्याने ताट बाजूला सरकवलं.

तोंडावर हात धरून म्हणाला, "अगं... हे गाणं कुठे लागलंय?"

तोही हसला होता का, हे तिने अजून विचारलेलं नाही. धीरच होत नाही.