बिनतोंडाची बाहुली

बद्रीनाथ शेंद्र्याच्या एका कारखान्यात वेल्डर. शनिवारी पाळी सुटली तव्हा त्यानं बाजारातून दोन बारके नट घेतले अन् थेट संभाजीनगरात, पुंडलिकनगरला घरी आला. पोरीनं सांगितलं व्हतं, बाहुलीच्या तळपायात बसवायचेत. खालून फळीतून बोल्ट आवळला का बाहुली एका पायावर बी उभी ऱ्हाती.

पोरगी, संस्कृती, कालेजात बाहुल्यांचा पिच्चर करायचं शिकत व्हती. बाहुली केसाएवढी सरकवायची, फोटू काढायचा. पुन्हा सरकवायची, पुन्हा फोटू. बारा फोटू झाले तव्हा कुठं एक सेकंद. गोष्ट इवलीशी. एक बाई चालत चालत आपल्या घरी येती.

कोणती बाई, ते दोघांपैकी कुणीच बोललं नाय. त्याची बायको साळूबाई दिवाळीपासून सोयगावला भावाकडं जाऊन बसल्ती. भांडणात ह्यो वरडला व्हता, "परत हितं पाय ठेवशील तर बघ!" तिनं नाय ठेवला. ह्यानं बी बोलावलं नाय. पण जेवायला बसताना हात आपोआप तिसऱ्या ताटाकडं जायचा, अन् मग ह्यो ताट आदळायचा.

तार वाकवून त्यानं हाडं केली. उजवा खांदा जरा खाली घेतला, हंडे वाहून साळूचा तसाच झाल्ता. वरून स्पंज गुंडाळला, तिच्याच जुन्या हिरव्या लुगड्याचा तुकडा नेसवला.

"आईच हाय अगदी," संस्कृती म्हणली. "आता तोंड करा."

"तोंड कामून? तोंडानंच तर घालवली तिला."

त्यानं नाकाखाली कापड सपाट ओढलं अन् मागून टाका घातला.

रविवारी सकाळी दोघं कामाला लागले. उजेड हलला का फोटू बिघडतो, म्हणून खिडक्यांना पुठ्ठे ठोकले. बाहेर कडक ऊन, अन् आत एक बल्ब, डिंकाचा वास, कॅमेऱ्याची टिचकी. टेबलाच्या त्या टोकाला पुठ्ठ्याचं दार केलं व्हतं. अकरा वाजता बाहुलीचा एक पाय हवेत ठेवून दोघं भाकर खायला उठले.

जेवता जेवता मेव्हण्याचा, अप्पारावचा फोन आला.

"दाजी, ताईला काय झालं कळंना. उंबऱ्यात उभी हाय. एक पाय उचललेला. दहा मिनिटं झाली."

"म्हंजी?"

"म्हंजी काय म्हंजी? बगळ्यावानी! हाका मारल्या, हलवली. लाकडासारखी ताठ हाय, दाजी... डोळे तेवढे फिरतेत."

बद्रीनाथनं पोरीकडं बघितलं. पोरगी खोलीकडं बघत व्हती. तिनं हातातला घास खाली ठेवला, आत गेली अन् बाहुलीचा पाय टेकवला.

"टेकवला..." फोनातून आवाज आला. "आत्ता टेकवला बघा."

संस्कृतीनं बाहुलीवरचा हात मागं घेतला. "पप्पा, राहू द्या हे. आईला नीट फोन करा, बोलवा तिला."

"बोलवून आली असती व्हय ती?"

"तुम्ही बोलवलं कुठं?"

चूक दाखवली का ह्याला राग यायचा, तसा आला. खोलीत येऊन त्यानं बाहुलीचा बोल्ट ढिला केला. "तू फोटू काढ. मी चालवतो."

जरा उचलायचा, जरा पुढं, आवळायचा. टिचकी. दुसरा पाय. टिचकी. अप्पाराव घडीघडी फोन करत व्हता. ताई अंगणात. ताई स्टँडवर. ताई संभाजीनगरच्या यष्टीत चढली. "अनवाणी हाय. आडवायला गेलो तर मलाच ढकललं. अन् बोलतच नाय, दाजी... कंडक्टरला बी नाय, मला बी नाय."

बद्रीनाथला घाम फुटला. अन् खरं सांगायचं तर आतून आनंदाच्या उकळ्या बी फुटल्या. साळू येत व्हती. माफी न मागता येत व्हती.

चार वाजता बाहुली पुठ्ठ्याच्या दारापाशी पोचली. बाहेर कुणी कडी वाजवली नाय, तरी ह्याला कळलं. जाऊन दार उघडलं.

साळूबाई उंबऱ्याबाहेर उभी व्हती. उजवा खांदा खाली. एक पाय उचललेला.

"ये की," तो म्हणला.

ती हलली नाय. मग तो आत गेला, बाहुलीचा पाय दारातून आत घेतला, टेकवला. बाहेर पाऊल वाजलं. दुसरा घेतला. दुसरं वाजलं. परत येऊन बघतो तर बाई घराच्या मधोमध उभी.

"आई..." संस्कृतीनं तिचा हात धरला अन् पटकन सोडला. "पप्पा, हिचं अंग स्पंजावानी मऊ लागतंय..."

बद्रीनाथ बायकोपुढं गेला. सगळ्या जन्मात वापरला नसंल असा बारीक आवाज त्यानं काढला. "साळे, चुकलं माझं. बोल काहीतरी. शिव्या दे हवं तर."

तिच्या डोळ्यांतून पाणी गळालं. जबडा हलला. पण ओठ सुटेनात. वरचा कुठं संपतो अन् खालचा कुठं लागतो, तेच दिसंना.

तो पळत आत गेला, टाका कापायला ब्लेड उचललं. संस्कृती टेबलापुढं आडवी उभी ऱ्हायली.

"नाय पप्पा. ब्लेड लावलं तर... तिला..."

"मग बोल्ट काढतो. मोकळी करतो."

"काढला तर पडंल ना ती."

ब्लेड हातातून गळालं. भांडायला बी कुणी नव्हतं आता. बद्रीनाथ भिंतीला टेकून खाली बसला. बायको तिथंच उभी, पुढचं पाऊल कुणी उचलंल त्याची वाट बघत.

लई येळानं संस्कृती ओलं फडकं घेऊन आली. उंबऱ्यापासनं आत धुळीची दोन पावलं उमटली व्हती. ती पुसायला वाकली अन् वाकलेलीच ऱ्हायली.

"पप्पा... हे बघा."

दोन्ही पावलांत, तळव्याच्या मधोमध, सहा कोनांचा ठसा व्हता. सरळ कडा, आत गोल भोक.

बद्रीनाथनं उठून बाहुली बघितली. त्यानं दोनच नट आणले व्हते. दोन्ही बाहुलीच्याच पायात व्हते, घट्ट.